बंद खात्याची चालू चावी: विद्यापीठाच्या क्लस्टरमधील घुसखोरीचे एक प्रकरण

विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की विद्यार्थी नोंद प्रणाली त्याचे ईमेल बंद करते, ग्रंथालयाचे खाते बंद करते, वायफायही बंद करते. त्याने संशोधन गटाच्या सामायिक खात्यात कधीकाळी टाकलेली एसएसएच चावी (दूरच्या यंत्रावर पासवर्डशिवाय आत शिरण्याची डिजिटल चावी) मात्र यातल्या कुठल्याच प्रणालीला दिसत नाही. पुढचे सगळे प्रकरण या एका फटीतून घडले.

इथले विद्यापीठ नमुन्यादाखल उभे केले आहे. नोड (एकत्र जोडलेल्या संगणकांचा गट म्हणजे क्लस्टर, त्यातले एकेक यंत्र म्हणजे नोड), खाती आणि तास यांचे आकडे त्या नमुन्याचे आहेत. तांत्रिक दुवे मात्र संशोधन संगणन केंद्रांत खरोखर आढळणारे आहेत. मे २०२० मध्ये युरोपातल्या अनेक महासंगणक केंद्रांवर चोरलेल्या एसएसएच ओळखी वापरून घुसखोरी झाली. एडिनबरा विद्यापीठातला आर्चर महासंगणक बंद ठेवावा लागला आणि त्याच्या सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड व चाव्या रद्द झाल्या. जर्मनीतल्या बाडेन-व्ह्यूर्टेम्बर्ग राज्यातले विद्यापीठीय क्लस्टरही त्याच आठवड्यात बंद झाले. एका केंद्रावरची चावी दुसऱ्या केंद्राचे दार उघडते, ही या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे. संशोधक तीन-चार केंद्रांवर काम करतात आणि सगळीकडे एकच चावी वापरतात.

यंत्रणा अशी होती

६४ गणन नोड (कामे इथे चालतात), २ लॉगिन नोड (वापरकर्ते इथून आत येतात), १ व्यवस्थापन सर्व्हर आणि ६०० टेराबाइटचा साठा. कामांची रांग स्लर्म हा कार्यक्रम सांभाळतो. वापरकर्त्यांचे होम फोल्डर एनएफएसवरून (नेटवर्कवर फाइली वाटून देणारी पद्धत) सगळ्या नोडवर जोडलेले, त्यामुळे एका ठिकाणी ठेवलेली फाईल सगळीकडे तीच दिसते. सक्रिय वापरकर्ते सुमारे ३४०. माणसे पाच: एक ओळख व्यवस्थापन बघणारा, दोन सिस्टम प्रशासक, एक नेटवर्कवाला आणि एक सुरक्षा अधिकारी, जो निम्मा वेळ धोरणांच्या बैठकांत असतो. विद्यापीठांत हे प्रमाण नवलाचे नाही.

होम फोल्डर सामायिक असण्याचा अर्थ इथेच लक्षात घ्यायला हवा. कोणत्या चाव्यांनी खात्यात येता येते याची यादी असलेली ऑथराइज्ड कीज ही फाईल होममध्ये असते. तिच्यात एक ओळ वाढली की ती चावी ६६ यंत्रांवर एकाच क्षणी चालू होते.

पहिली खूण हिशेबातली

शनिवारी सकाळी ७:४० ला देखरेखीच्या फलकावर ११ नोडचा सीपीयू ९६ ते १०० टक्के दिसत होता. क्लस्टरला ही बाब साधी आहे, तो त्यासाठीच असतो. पण त्या ११ पैकी ४ नोड स्लर्मच्या मते रिकामे होते. ज्या नोडवर कोणाचेच काम नाही तो पूर्ण भाराने चालतो, ही विसंगती कर्तव्यावरच्या प्रशासकाने पकडली.

१९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक प्रणाली सांभाळणाऱ्या क्लिफर्ड स्टॉल यांना संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसला आणि त्या धाग्यावरून परदेशातून चाललेली घुसखोरी उघड झाली. दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे हे आजही या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे. स्लर्मची नोंद आणि सीपीयूची मोजणी दर दहा मिनिटांनी ताडणारी पंधरा ओळींची स्क्रिप्ट आधीपासून चालू असती, तर हा प्रकार मंगळवारीच दिसला असता.

गुरुवारी दोन तक्रारीही आल्या होत्या: नेहमी ६ तासांत संपणारे काम ९ तास घेत आहे. मदतकक्षाने 'नोडवर भार जास्त असेल' असे उत्तर देऊन दोन्ही तिकिटे बंद केली. उत्तर खोटे नव्हते. भार कोणाचा, एवढे विचारायचे राहिले.

पडद्यावर काय दिसत होते

रिकाम्या म्हणवणाऱ्या नोडवर प्रोसेसची यादी काढली तेव्हा सर्वांत वर चौकटी कंसात 'केवर्कर' नावाची प्रोसेस होती. लिनक्समध्ये या नावाच्या प्रोसेस डझनांनी असतात. त्या कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, धागे असतात, म्हणून नजर त्यांच्यावरून सहज घसरते. इथे तीन गोष्टी जुळत नव्हत्या. कर्नलच्या धाग्याचा मालक रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वाधिकारी खाते, असतो. इथे मालकाच्या रकान्यात एका संशोधन गटाचे सामायिक खाते होते. कर्नलच्या धाग्याची जनक प्रोसेस क्रमांक २ असते. इथे १ होती. आणि चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसची मूळ फाईल दाखवणाऱ्या एक्झी या दुव्याला कर्नलच्या धाग्याबाबत लक्ष्य नसते. इथे तो मेमरीत राहणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरमधल्या एका फाईलकडे बोट दाखवत होता, शेजारी 'डिलीटेड' असा शेरा होता. कार्यक्रम सुरू करून फाईल पुसून टाकलेली होती.

फाईल पुसली तरी प्रोसेस जिवंत असेपर्यंत तिचा मजकूर त्या एक्झी दुव्यातून जसाच्या तसा कॉपी करता येतो. नोड रीस्टार्ट केला की तो कायमचा जातो. म्हणून अशा वेळी पहिला नियम: रीस्टार्ट नाही. या प्रकरणात एका नोडबाबत तो मोडला गेला. विभागातल्या प्रयोगशाळा सहायकाला नोड अडकलेला वाटला आणि त्याने वीज बंद-चालू केली. त्याचा दोष धरता येत नाही. सर्व्हर खोलीच्या दारावर 'सुरक्षा घटना सुरू, यंत्रांना हात लावू नये, या क्रमांकावर फोन करावा' एवढा कागद लावायला हवा होता आणि तो लावायला दुपार झाली.

कॉपी केलेला कार्यक्रम मोनेरो हे आभासी चलन खणणारा, म्हणजे यंत्राकडून गणिते सोडवून घेऊन ते कमावणारा, निघाला. त्याने स्वतःचे प्राधान्य सर्वांत खाली ठेवले होते, म्हणून लॉगिन नोडवर टाइप करणाऱ्यांना काहीच जाणवत नव्हते.

पहिले चार तास

क्रम असा ठेवला गेला. आधी बदलती माहिती: प्रोसेसचे झाड, चालू नेटवर्क जोडण्या, उघड्या फाइली, आत असलेले वापरकर्ते. ही माहिती क्लस्टरबाहेरच्या लॅपटॉपवर साठवली, प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) वहीत लिहिला. दोन नोडची पूर्ण मेमरी उतरवून घेतली. मग विद्यापीठाच्या सीमेवरच्या फायरवॉलवर बाहेरून येणारे एसएसएच बंद केले आणि गणन नोडकडून इंटरनेटकडे जाणारी वाट तोडली.

ही दुसरी कृती अनेकदा राहून जाते. गणन नोडना इंटरनेटची थेट गरज फार क्वचित असते, तरीही सोय म्हणून वाट मोकळी ठेवलेली असते. वाट तोडताच खणणारे कार्यक्रम आपल्या पूलपासून, म्हणजे त्यांना काम वाटणाऱ्या सर्व्हरपासून, तुटले आणि भार झपाट्याने उतरला. त्यांना मारावे लागले नाही, त्यामुळे पुरावाही टिकला.

त्या वेळी ४१ कामे चालू होती, काही चौथ्या दिवसात. ती मारायची का? शनिवारी उत्तर 'नाही' असे दिले गेले. सर्व नोड 'ड्रेन' स्थितीत टाकले, म्हणजे नवे काम घेणार नाहीत, चालू काम पूर्ण करतील. त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर हा निर्णय योग्य होता: घुसखोर एका साध्या खात्यात आहे, त्याचे बाहेरचे दोर कापले आहेत. रविवारी तो बदलावा लागला.

घटनाक्रम मांडताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली: खणणारा कार्यक्रम घुसखोराच्या लॉगिनच्या आधी सुरू झालेला दिसत होता. फायरवॉल आणि लॉग सर्व्हर स्थानिक वेळेत लिहीत होते, स्लर्म यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ). सगळ्या नोंदी यूटीसीत आणल्यावर क्रम सरळ झाला. दोन तास यात गेले. सर्व लॉग एकाच वेळेत ठेवणे हे शांततेच्या काळातले दहा मिनिटांचे काम आहे.

चावी कोणाची

एसएसएच सर्व्हर यशस्वी लॉगिनच्या ओळीत वापरलेल्या सार्वजनिक चावीचा (जोडीतला सर्व्हरवर ठेवायचा भाग, खासगी भाग मालकाकडेच राहतो) फिंगरप्रिंटही, म्हणजे छोटी ओळखखूणही, लिहितो. लॉग दुसऱ्या यंत्रावर जात असल्यामुळे ही ओळ शाबूत होती. सामायिक खात्याच्या ऑथराइज्ड कीज फाईलमध्ये नऊ ओळी होत्या. प्रत्येकीचा फिंगरप्रिंट काढून ताडला, सहावी ओळ जुळली. ओळीच्या शेवटच्या शेऱ्यात लॅपटॉपचे नाव होते, त्यावरून चौदा महिन्यांपूर्वी पीएचडी पूर्ण करून गेलेला विद्यार्थी सापडला. नववी ओळ कोणाच्याच ओळखीची नव्हती. ती घुसखोराने मागे ठेवलेली दुसरी वाट होती.

माजी विद्यार्थ्याशी बोलताना सूर फार महत्त्वाचा. त्याला संशयित म्हणून नव्हे, ज्याची वस्तू चोरीला गेली असा माणूस म्हणून फोन केला गेला. अर्ध्या तासात कारण कळले. नवा लॅपटॉप घेताना त्याने आपल्या सगळ्या सेटिंग फाइली एका सार्वजनिक कोड साठ्यात चढवल्या, त्यात खासगी चावीही गेली. तिला सांकेतिक वाक्यांश नव्हता. दोन दिवसांनी त्याने ती फाईल काढून टाकली, पण साठ्याच्या इतिहासात ती तशीच राहिली. अशा चाव्या शोधत फिरणारे कार्यक्रम अहोरात्र चालू असतात. चावी एकदा सार्वजनिक झाली की फाईल पुसून उपयोग नाही. ती जिथे जिथे मान्य आहे तिथून तिची ओळ काढावी लागते.

याच निमित्ताने सर्व बंद खाती तपासली. २१२ पैकी ३७ खात्यांत चाव्या होत्या आणि त्या चालत होत्या! खाते बंद करण्याच्या पद्धतीत पासवर्ड निकामी केला जाई, बस. पासवर्ड लॉक केल्याने चावीने होणारे लॉगिन थांबत नाही, कारण चावीच्या वाटेत पासवर्ड तपासलाच जात नाही. खात्याची मुदत संपलेली तारीख घालावी लागते. ती तपासणी पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या खाते टप्प्यात होते आणि चावीवाल्यालाही अडवते. जोडीला शेल (लॉगिननंतर आज्ञा घेणारा कार्यक्रम) बदलून 'नोलॉगिन' ठेवावे आणि चावीची फाईल बाजूला हलवावी. नव्या प्रशासकाला पहिल्याच आठवड्यात हे स्वतःच्या हाताने करून दाखवायला लावावे, इतकी ही चूक सार्वत्रिक आहे.

रविवारी प्रकरण का बदलले

लॉगिन नोडवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पीकेएक्झेक या लिनक्समधल्या साधनातल्या त्रुटीचा फायदा घेणारा कार्यक्रम सापडला. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली ही त्रुटी साध्या वापरकर्त्याला रूट बनवते. क्लस्टरवर तिची दुरुस्ती तेव्हाच झाली होती. पण मेमरी बदलण्यासाठी काही महिने बाहेर असलेले दोन नोड जुन्या प्रतिमेवरूनच (नोडवर चढवायची प्रणालीची तयार प्रत) परत रांगेत आले होते. दुरुस्तीहून आलेले यंत्र नवी प्रतिमा चढवल्याशिवाय रांगेत घ्यायचे नाही, असा नियम होता. तो स्क्रिप्टमध्ये नव्हता, कागदावर होता. त्या दोन्ही नोडवर रूट मिळाल्याच्या खुणा दिसल्या.

घुसखोर त्या नोडवर पोचलाच कसा? सामायिक होममुळे त्याची चावी तिथेही चालत होती आणि गणन नोडवर थेट एसएसएच करायला मनाई नव्हती. ज्या नोडवर तुमचे काम चालू आहे तिथेच आत जाऊ देणारे आणि तुमचे सत्र त्या कामाच्याच मर्यादेत बांधणारे स्लर्मचे पॅम मॉड्यूल उपलब्ध आहे. ते बसवलेले नव्हते.

एका नोडवर रूट म्हणजे काय, हे इथे सविस्तर सांगायला हवे, कारण अनेक अनुभवी माणसेही 'दोनच नोड ना, पुसून परत लावू' असे म्हणतात.

एनएफएस नेहमीच्या पद्धतीत वापरकर्त्याचा क्रमांक नोड सांगेल तो खरा मानतो. रूट स्क्वॉश चालू असेल तर नोडवरच्या रूटला साठ्यावर रूटचे अधिकार मिळत नाहीत, हे खरे. पण नोडवरचा रूट एका आज्ञेत वापरकर्ता क्रमांक १४८२ होऊ शकतो, आणि मग साठ्याच्या दृष्टीने तो खराखुरा १४८२ असतो. पुढच्या क्षणी १४८३. म्हणजे ३४० जणांचे होम फोल्डर वाचायला उघडे. त्यातल्या ज्यांनी आपल्या खासगी चाव्या क्लस्टरवर ठेवल्या होत्या, त्यांच्या सगळ्या चाव्या गेल्या असेच धरावे लागते.

दुसरे, मंज. स्लर्मचे घटक एकमेकांना ओळखतात ते मंजच्या एका गुप्त किल्लीवर, आणि ती सर्व नोडवर एकच असते. ती ज्याच्या हाती गेली तो कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने काम रांगेत टाकू शकतो. तिसरे, लॉगिन नोडवर एजंट फॉरवर्डिंग वापरणारे लोक. त्यांची चावी लॅपटॉपवरच राहते, पण लॉगिन नोडवरचा रूट त्यांच्या सत्राच्या सॉकेटमधून ती चावी वापरून पुढच्या यंत्रावर जाऊ शकतो.

घुसखोराने हे सगळे केले का? नेटवर्क प्रवाहाच्या नोंदींनुसार त्या दोन नोडवरून, खाणकाम वगळता, ४० मेगाबाइटपेक्षा कमी माहिती बाहेर गेली होती. एका गटाचा मानवी सहभागींच्या मुलाखतींचा ९० गिगाबाइटचा संच उचलून नेला नाही, असे त्यावरून म्हणता येते. चाव्यांबाबत मात्र काहीच म्हणता येत नाही. खासगी चावीची फाईल काही किलोबाइटची असते आणि ४० मेगाबाइटमध्ये विद्यापीठातल्या सगळ्यांच्या बसतात.

रविवारी दुपारी १२ वाजता क्लस्टर पूर्ण बंद केला. त्याआधी विद्यापीठाच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कळवले. वैयक्तिक माहितीचा भंग कधी आणि कोणाला कळवायचा हे देशोदेशी वेगळे आहे. युरोपात जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यानुसार भंग लक्षात आल्यापासून ७२ तास मिळतात. घड्याळ तपास संपल्यावर सुरू होत नाही, म्हणून तो अधिकारी पहिल्या दिवसापासून सोबत हवा.

प्राध्यापकांना फोन

चालू कामांतली १७ कामे तोवर संपली होती, २४ उरली होती. त्यांतली तीन एका प्राध्यापिकेच्या गटाची, शोधनिबंधाची मुदत बुधवारी. ही बातमी पत्राने किंवा मदतकक्षामार्फत कळवू नये. प्रशासकाने थेट बोलावे, आणि तीन गोष्टी सांगाव्यात: काय झाले, काय ठाऊक नाही, त्यांचे काम कसे वाचेल.

'मॅडम, तुमच्या तीन कामांचे शेवटचे चेकपॉइंट साठ्यावर सुरक्षित आहेत, सर्वांत जुना पहाटे चारचा. आम्ही दोन स्वच्छ नोड मंगळवार सकाळपर्यंत वेगळ्या नेटवर्कवर उभे करतो आणि तिथून ती पुढे चालवतो. क्लस्टर मात्र आज बारा वाजता बंद होईल, तो निर्णय बदलणार नाही.'

हे एवढे बोलता येण्यासाठी आधी चेकपॉइंट, म्हणजे कामाच्या मधल्या साठवलेल्या अवस्था, खरोखर उघडतात का हे तपासलेले असावे लागते. विद्यापीठात प्रशासकाचा अधिकार कंपनीइतका सरळ नसतो. गटप्रमुखाचा सर्व्हर त्याच्या अनुदानातून आलेला असतो, आणि तो बंद करण्याचा हक्क तुम्हाला आहे का, यावर घटनेच्या मध्यावर वाद घालायला वेळ नसतो. सुरक्षा घटनेत यंत्र तोडण्याचा अधिकार माहिती-तंत्रज्ञान विभागाला आहे, अशी एका पानाची लेखी मान्यता इथे दोन वर्षांपूर्वीच घेतलेली होती. वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये तपासासाठी कोण, कोणाच्या परवानगीने पाहू शकतो, हेही त्याच पानावर होते. या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी गोष्ट ते पान ठरली.

या क्षेत्रात येणाऱ्यांना बहुधा वाटते की सुरक्षा म्हणजे हल्ल्याचे कार्यक्रम उलगडणे. इथे त्याला शनिवारची एक दुपार लागली. बाकी नऊ दिवस गेले ते खाती, मुदती, प्रतिमा, फोन आणि पत्रे यांत. विसंगती पकडणारी प्रशासक मदतकक्षातून वर आलेली होती, कोणाचे काम किती वेळ घेते हे तिला तिकिटांवरून पाठ होते. भरती करताना ही जाण प्रमाणपत्रांइतकी वजनदार धरावी असे आमचे मत आहे. ज्याला तयारी करायची आहे त्याने घरी तीन आभासी यंत्रे उभी करावीत: एक एनएफएस सर्व्हर, दोन ग्राहक. रूट स्क्वॉश चालू करावा, मग एका ग्राहकावर रूट होऊन दुसऱ्याच वापरकर्त्याचे फोल्डर वाचून बघावे. वर एनएफएसवर लिहिलेला परिच्छेद त्या अर्ध्या तासात हाडांत भिनतो.

उभारणीचा क्रम

इथे क्रम चुकला की सगळे वाया जाते. जुने नोड चालू असतानाच नव्या चाव्या दिल्या, तर घुसखोर त्याही पाहतो. म्हणून आधी व्यवस्थापन सर्व्हर, कोऱ्या यंत्रावर मूळ माध्यमातून. बॅकअपमधून नाही, कारण घुसखोरी बॅकअपमध्येही असू शकते. त्यावरून नवी प्रतिमा, मग लॉगिन नोड, शेवटी गणन नोड. हे शेवटचे सर्वांत सोपे: ते नेटवर्कवरून प्रतिमा उचलतात, ६४ नोड एका दुपारी उभे राहिले.

नव्या प्रतिमेसोबत सर्व यंत्रांच्या होस्ट चाव्या (यंत्र स्वतःची ओळख पटवते त्या) नव्या केल्या आणि मंजची किल्ली बदलली. मंज बदलताना एकही नोड मागे राहून चालत नाही. जुन्या किल्लीचा नोड रांगेतून गायब झाल्यासारखा दिसतो आणि लोक नेटवर्कचा दोष शोधत बसतात. नोडची घड्याळेही जुळलेली हवीत, मंजची ओळख डिफॉल्टने ५ मिनिटांत शिळी होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक नोड याच कारणाने तासभर अडला.

साठ्यावरची माहिती ठेवली, पण तीत राहिलेली भुते काढावी लागली. घुसखोराने सामायिक खात्याच्या, शेल सुरू होताना चालणाऱ्या बॅशआरसी फाईलमध्ये कार्यक्रम परत सुरू करणारी ओळ टाकली होती. ती होममध्ये, म्हणून एकदाच काढावी लागली. त्याने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कार्यक्रम चालवणारी यंत्रणा) टाकलेल्या नोंदी मात्र होममध्ये नसून प्रत्येक नोडच्या स्थानिक डिस्कवर असतात. फक्त होम साफ करून थांबले असते तर अकरा नोडवरून सगळे परत उगवले असते. सेटयूआयडी बिट (चालवणाऱ्याला फाईलच्या मालकाचे अधिकार देणारी खूण) असलेल्या फाइली सर्व होममध्ये शोधल्या आणि यापुढे होम ही खूण न मानणाऱ्या नोसुइड पर्यायाने जोडायचे ठरले.

सगळ्यांच्या ऑथराइज्ड कीज फाइली बाजूला हलवल्या. पासवर्ड नवे, दोन टप्प्यांची ओळख सक्तीची. मग ५० जणांच्या तुकड्यांत दार उघडले, म्हणजे मदतकक्ष बुडणार नाही. वापरकर्त्यांना गेलेल्या पत्राचा गाभा असा: 'तुमच्या क्लस्टरवरील होम फोल्डरमध्ये एखादी खासगी चावी, टोकन किंवा पासवर्ड साठवलेला असल्यास तो इतरांच्या हाती गेला आहे असे समजा. तीच चावी अन्य केंद्रांवर किंवा कोड साठ्यांवर वापरत असाल तर तिथून आजच काढा.' 'गेला असण्याची शक्यता' असे मवाळ लिहिले तर निम्मे लोक काहीच करत नाहीत.

इतर केंद्रांनाही कळवले. कोणाची चावी कुठे चालते हे होममधल्या एसएसएच सेटिंग फाइलींवरून आणि शेलच्या इतिहासावरून काढले. ओळखीच्या यंत्रांची यादी हॅश केलेली असेल तर ती वाचता येत नाही. एकूण अकरा संस्था निघाल्या. त्यांच्या सुरक्षा पथकांना टीएलपी अंबर (माहिती मर्यादित लोकांतच ठेवावी) या शेऱ्यासह घुसखोराचे पत्ते, चावीचा फिंगरप्रिंट आणि कार्यक्रमाचा हॅश पाठवला. त्यातल्या दोघांना आपल्याकडेही तोच फिंगरप्रिंट सापडला.

मूळ कारणावर काय केले

ऑथराइज्ड कीज फाईल आता होममध्ये नाही. एसएसएच सर्व्हरला ती रूटच्या मालकीच्या फोल्डरमध्ये शोधायला सांगितले आहे, वापरकर्ता किंवा घुसखोर तिथे ओळ टाकू शकत नाही. माणसांसाठी चाव्यांऐवजी १२ तासांची एसएसएच प्रमाणपत्रे आली: दोन टप्प्यांची ओळख पटवली की मिळतात, संध्याकाळी आपोआप मरतात. सुरुवातीला विरोध झाला, रात्रभर चालणारी फाईल कॉपी तुटेल म्हणून. ती तुटत नाही. मुदत नव्या लॉगिनला लागते, जुळलेले सत्र चालूच राहते.

प्रयोगशाळेतली उपकरणे प्रमाणपत्र घेऊ शकत नाहीत. त्यांच्या चाव्यांना फ्रॉम पर्यायाने ठरावीक आयपीची अट, रिस्ट्रिक्टने बाकी सर्व सोयी बंद, एकच ठरलेली आज्ञा आणि मुदत संपण्याची तारीख, असे चार बंध घातले. बाहेरच्या यंत्रावर पुढे जायचे तर एजंट फॉरवर्डिंग बंद, प्रॉक्सीजंप (मधल्या यंत्राच्या हाती चावी न देता पलीकडे जाण्याची सोय) चालू.

सामायिक खाती बंद करायची सूचना आली होती. ती मान्य केली नाही, कारण गटांना त्यांची खरी गरज आहे आणि बंद केल्यावर लोक एकमेकांचे पासवर्ड वापरतात. त्याऐवजी प्रत्येक सामायिक खात्याला सेवेत असलेला एक नामनिर्देशित मालक आणि १८० दिवसांची मुदत. मुदतीआधी मालकाला सभासदांची यादी जाते. विद्यार्थी नोंद प्रणालीतून कोणी गेला की त्याचे नाव त्या यादीतून त्याच रात्री निघते.

एनएफएससाठी केर्बेरोस (वापरकर्त्याची ओळख मुदतीच्या तिकिटाने पटवणारी पद्धत) हे खरे उत्तर आहे. ते पुढे ढकलले. तिकीट काही तासांचे असते, इथली कामे रांगेतच तीन दिवस थांबतात. नूतनीकरणाची यंत्रणा नीट न बसवता ते चालू केले तर मध्यरात्री निकाल लिहिताना कामे पडतील. तोवर होममध्ये खासगी चावी ठेवण्यास मनाई आहे आणि रोज रात्री एक स्क्रिप्ट तशा फाइली शोधून मालकाला कळवते. पहिल्या रात्री ५८ सापडल्या, महिन्याने ६.

बाकी आहे ते दोन सूक्ष्मदर्शकांचे संगणक. त्यांची संचालन प्रणाली उत्पादक अद्ययावत करू देत नाही आणि त्यांचा एसएसएच प्रोग्रॅम फक्त जुन्या शा-१ सहीच्या आरएसए चाव्या जाणतो, ज्या नवे ओपनएसएसएच डिफॉल्टने स्वीकारत नाही. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) आहेत, त्यांच्यासमोर एक छोटे लिनक्स यंत्र ठेवले आहे जे फाइली उचलून नव्या चावीने पुढे पाठवते. त्या यंत्राची मालकी विभागाकडे की केंद्राकडे, हे अजून लेखी ठरायचे आहे.